नऊ फिकट रोपं

मित्रांनो, मला पाहून तुम्ही फ्रिज म्हणाल. म्हणा बापडे, मला त्याची सवय आहे. पण मी फ्रिज नव्हे, मी एक म्हातारी रोपपेटी आहे. फ्रिजच्या पोटात गारठा आणि अंधार असतो. माझ्या पोटात दिवे, पंखा, थोडी ऊब आणि थोडी ओल असते. फ्रिजमध्ये मेलेल्या वस्तू टिकतात, माझ्यात जिवंत रोपं वाढतात. निदान वाढायला हवीत. एकदा तसं झालं नाही, आणि तेच सांगायला मी आज बसले आहे.

माझा जन्म मेलबर्नजवळच्या एका कारखान्यात झाला. तिथून मालगाडीत घालून, अख्खं वाळवंट ओलांडून मला पर्थला आणलं आणि एका विद्यापीठाच्या तळघरात उभं केलं. तेव्हा माझा काय थाट होता म्हणून सांगू! माझ्यात गहू वाढला, बार्ली वाढली, ल्युपिनला शेंगा लागल्या. बाहेर जानेवारीचं ऊन डांबर वितळवत असायचं आणि माझ्या पोटात मात्र वसंत ऋतू. पाहुणे आले की त्यांना आधी माझ्याकडे आणायचे. "ही बघा आमची सगळ्यात चांगली पेटी," असं म्हणताना लोक माझ्या दारावर थाप मारायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

पण दिवस काय सगळे सारखे असतात? नव्या पेट्या आल्या. त्यांच्या दारांवर चकचकीत आकडे, आवाज म्हणाल तर मांजरीच्या पावलांइतका. मला सरकवत सरकवत मोरीजवळच्या कोपऱ्यात नेलं. माझ्या ट्यूब मंदावल्या, पंखा खरखरू लागला. लोक मला 'घोरणारी' म्हणू लागले. पाच वर्षं माझ्यात रिकाम्या कुंड्या ठेवत होते. भंगारात जायचीच मी, पण ब्रॉनविन आली.

ब्रॉनविन टेलफर. उंच, पाठीत जरा वाकलेली, डोक्यावर चष्मा ठेवून खोलीभर चष्मा शोधणारी बाई. तिने एकेक पेटी उघडून पाहिली, शेवटी माझं दार उघडलं आणि खूश होऊन म्हणाली, "हीच हवी मला. हिचा उजेड पार मेलाय."

मेलाय! मला इतका राग आला की मी मुद्दाम मोठ्यांदा खरखरले. पण ती हसली आणि दाराला चिकटपट्टी लावून तिने त्यावर आपलं नाव लिहिलं. आमच्या तळघराची ती रीतच होती. जे ज्याचं असेल त्याने दारावर पट्टी लावायची, तिच्यावर नाव, तारीख आणि सूचना लिहायची. ब्रॉनविनच्या पट्टीवर एकच सूचना होती: 'पाणी तळातून द्या.' पट्टी अर्धी कोरीच राहिली.

तिची रोपं मोहरीच्या नात्यातली, बोटभर उंचीची. पण इतर रोपांसारखी हिरवी नव्हेत. ताकासारखी पांढुरकी! मला वाटलं, ही काय अशक्त पोरं माझ्या गळ्यात बांधली. ती अशी का, ते मला थूयमुळे कळलं. थूय डांग ही ब्रॉनविनबरोबर काम करणारी तरुण संशोधक. ती कामावर आली त्या पहिल्याच दिवशी माझ्यापुढे उभी राहून म्हणाली, "ब्रॉन, मी पुस्तकात वाचलंय सगळं, पण तू सांग. तुझ्या शब्दांत."

ब्रॉनविन उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसली. "हे बघ, पानात जे हिरवे कण असतात ना, त्यांच्याजवळ त्यांची स्वतःची एक छोटीशी पोथी असते. फार जुनी. आणि तिच्यात चुका आहेत. सी आणि यू ही तिच्यातली अक्षरं समज. सी हवं तिथे सी आहे, पण यू हवं तिथेही सी आहे."

"मग पोथीच का नाही सुधारत?"

"नाही सुधारत! मूळ पोथीला हातच लावत नाहीत. काम करायला तिची नक्कल काढतात, आरएनएची, आणि प्रत्येक नकलेत तेवढं अक्षर सुधारून घेतात. दर वेळी. कोट्यवधी वर्षं हेच चाललंय."

थूय खुदकन हसली. "आमच्या आईचं घड्याळ! वीस मिनिटं पुढे आहे. दुरुस्त करायचं नाव नाही. रोज बघते आणि रोज वीस मिनिटं वजा करते."

"अगदी तसंच. आणि वजाबाकी करणारी जी तुझी आई, ते प्रथिन." ब्रॉनविनने हवेत बोट फिरवलं. "मण्यांची माळ समज. एकेक मणी नकलेतलं एकेक अक्षर ओळखतो. सगळे मणी जुळले की माळ तिथे थांबते. तिचं शेपूट जरा पुढच्या सीवर बसतं, त्याचा इवलासा तुकडा काढून टाकतं, आणि झाला यू. एका जागेची एक माळ. दुसरी माळ तिथे चालत नाही."

"आणि हिच्यात ती माळ नाही," थूय फिकट रोपाकडे बघत म्हणाली.

"नाही. म्हणून चुकलेली नक्कल तशीच कामाला जाते आणि उजेड वापरायचं यंत्रच नीट जुळत नाही. जास्त उजेड आला तर या पोरींना तो वापरता येत नाही, तो त्यांना आतून जाळतो. म्हणून मुळाशी साखर आणि वर ही म्हातारी, मेलेल्या उजेडाची."

मित्रांनो, त्या दिवसापासून मी घोरण्याची लाज सोडली. माझं म्हातारपण कुणाच्या तरी उपयोगाचं होतं. माझ्या मंद उजेडातच ती पोरं जगत होती.

ब्रॉनविनला एकच गोष्ट करायची होती. ती माळ तिला स्वतः घडवायची होती. निसर्गाची उसनी घेऊन नव्हे, तर मणी न् मणी आपल्या हाताने निवडून, ओवून. आणि तिच्यामुळे फिकट रोप हिरवं झालेलं डोळ्यांनी पाहायचं होतं. अकरा वर्षं ती याच्यामागे होती. सहा माळा फसल्या. एकीचे मणी भलत्याच जागी थांबायचे, दुसरीचं शेपूट चालायचं नाही. दर वेळी ती मेलेली रोपं मोजायची, "बरं" म्हणायची आणि कुंड्या धुवायला घ्यायची. खोटेपणा तिला खपायचा नाही. एकदा तिच्याच छापून आलेल्या लेखात एक छायाचित्र चुकून दुसऱ्या रोपाचं गेलं होतं. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. तिने आपणहून पत्र लिहून तो लेख मागे घेतला.

आता झेलकोबद्दल सांगते. झेलको वरच्या मजल्यावरच्या यंत्रदुरुस्तीच्या खोलीत सव्वीस वर्षं होता. लहानपणी आईबापांबरोबर युरोपातल्या दाल्मेशियाहून बोटीने आलेला, हात फावड्याएवढे. पर्थच्या कडेला स्पिअरवुडला त्याची बाग होती, द्राक्षं, अंजीर, टोमॅटो. त्याने हात लावला की काठीलाही पालवी फुटते, असं लोक म्हणायचे. चार वर्षांपूर्वी त्याची बायको नेवेन्का आजारी होती, तेव्हा ब्रॉनविन तीन आठवडे रोज दवाखान्यात त्याच्याशेजारी जाऊन बसली होती. ब्रॉनविन प्रत्येक लेखाच्या शेवटी त्याचे आभार मानायची, आणि तो प्रत्येक लेख त्याने खोलीच्या भिंतीवर टाचून ठेवला होता, आपल्या नावाखाली लाल रेघ मारून. आतलं त्याला ओ की ठो कळायचं नाही, पण पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत वाचायचा.

महिन्यातून एकदा तो माझा पंखा साफ करायला यायचा. "काय म्हातारे, जिवंत आहेस ना?" म्हणायचा आणि मग ब्रॉनविनला ओरडायचा, "अगं, हिच्या ट्यूब बदलू दे मला! हा काय उजेड झाला? याच्यापेक्षा काजवे बरे!"

"नको रे बाबा. म्हातारीला म्हातारी राहू दे."

"दोघी एकदमच रिटायर व्हा, तू आणि ती."

ती हसायची, तोही हसायचा. का नको, ते तिने कधी सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. यंत्रं त्याची आणि रोपं तिची, अशी वाटणीच होती. सव्वीस वर्षांच्या दोस्तीत माणसं काही गोष्टी गृहीत धरतात, तसं झालं.

त्या वर्षीच्या डिसेंबरात ब्रॉनविन निवृत्त होणार होती, आणि ऑक्टोबरात सातवी माळ तयार झाली. ज्या रोपांच्या पेशींत ती गेली होती, अशी फिकट रोपं नऊच हाती लागली. पण माळ त्यांच्यात झोपलेली होती. एक औषध पाण्यातून दिलं की ती जागी होणार होती. सोमवारी ब्रॉनविनने ते तळातून दिलं. "दोन आठवडे," ती थूयला म्हणाली. "मधलं नवं पान हिरवं आलं, तर आलं." मग माझं दार लावताना ती हळूच म्हणाली, "सांभाळ गं." इतक्या वर्षांत ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली.

शनिवारी सकाळी फोन आला. दूर दक्षिणेला ऑल्बनी गावात तिची एक्क्याण्णव वर्षांची आई न्हाणीघरात पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं. थूय परिषदेसाठी ब्रिस्बेनला गेली होती. ब्रॉनविनने जाता जाता झेलकोला गाठलं. "चारपाच दिवस माझ्या रोपांना पाणी बघशील? तळातून. पट्टीवर लिहिलंय."

"हे काय विचारणं झालं? जा तू. आईला बघ."

तो रविवारी आला, सोमवारी आला. पाणी बरोबर तळातून दिलं. पण सोमवारी तो दार उघडून बराच वेळ उभा राहिला. एका रोपाखाली बोट धरून त्याने ते न्याहाळलं. "अरेरे," तो म्हणाला, "पोरींनो, उपाशी मारलंय गं तुम्हाला हिने."

बागेत जन्म काढलेला माणूस तो. फिकट रोप म्हणजे उजेडाला भुकेलेलं रोप, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. जगातल्या इतर कुठल्याही रोपासाठी ते खरं होतं. आईच्या उशाशी बसलेल्या ब्रॉनविनला फोन करून त्रास देणं त्याला बरं वाटलं नाही. शिवाय ती परत येईल तेव्हा रोपं टवटवीत दिसावीत, तिचा चेहरा खुलावा, असंही त्याच्या मनात होतं. तो वर गेला आणि चार नव्याकोऱ्या ट्यूब घेऊन आला. माझे आतले पत्रे पुसले, पंख्याला तेल दिलं आणि बटण दाबलं.

मित्रांनो, आता मी जे सांगते ते मला सांगवत नाही. मला आनंद झाला. सोळा वर्षांनी मी लखलखले! तळघरातल्या नव्या पेट्या माझ्यापुढे फिक्या पडल्या. झेलको दोन पावलं मागे सरकून म्हणाला, "वा, म्हातारे! नवरी दिसतेस!" आणि मी, मूर्ख मी, ऐटीत उजेड ओतत राहिले. पोटातल्या नऊ पोरांकडे माझं लक्षही नव्हतं.

मंगळवारी पानांच्या कडा कागदासारख्या झाल्या. बुधवारी पानं काचेसारखी आरपार दिसू लागली आणि मान टाकू लागली. मला तेव्हा कळलं, पण करणार काय? माझं बटण माझ्या हातात नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. झेलको आला, घाबरला, त्याने आणखी पाणी दिलं. गुरुवारी सकाळी थूय बॅग खांद्यावर घेऊनच धावत आली, आणि दार उघडताच तिने तोंडावर हात ठेवला.

"हे दिवे कुणी बदलले?"

"मी," झेलको म्हणाला. "थूय, काय झालं?"

तिने बटण बंद केलं आणि त्याला सांगितलं. रागावून नव्हे, पण सगळं सांगितलं. तो भिंतीला टेकला. हाताच्या सवयीने म्हणा, थूयने एका रोपाचं मधलं इवलंसं पान, ज्यात अजून जरा ओल होती, चिमट्याने उचलून गोठवायला नेलं. बाकी काही वाचण्यासारखं नव्हतं.

शुक्रवारी ब्रॉनविन आली. झेलको टोपी हातात धरून दारात उभा होता.

"ब्रॉन, मला वाटलं, उजेड कमी पडतोय..."

"टोमॅटोला पडला असता," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "टोमॅटोसाठी तू बरोबर केलंस. मीच कधी बोलले नाही. जरा एकटं सोडतोस मला?"

तो गेल्यावर ती माझ्या दाराला पाठ लावून जमिनीवर बसली आणि रडली. मोठ्यांदा नाही. तिची पाठ माझ्या पत्र्यावर हलत होती. दिवे झेलकोने लावले होते, पण जाळलं मी होतं. एवढा वेळ ती माझ्यावर टेकली होती आणि मला तिला तेवढंही सांगता आलं नाही.

पुढचा आठवडा वाईट गेला. झेलको दहाच्या चहाला यायचा बंद झाला. थूय म्हणाली, "ब्रॉन, त्याने तुझे सगळे लेख भिंतीवरून काढलेत. म्हणतो, मला हक्क नाही. राजीनामा लिहून ठेवलाय. जेवत नाहीये तो." ब्रॉनविनने कुंड्या धुवायला घेतल्या.

मग एका दुपारी थूय हातात कागद घेऊन खाली आली. धापा टाकत होती.

"त्या गोठवलेल्या पानातल्या नकला वाचल्या. ब्रॉन, शंभरातल्या एकतीस."

"एकतीस काय?"

"एकतीस नकलांत यू आहे! सीचं यू झालंय! तुझी माळ जागी झाली होती. काम करत होती!"

ब्रॉनविनने कागद घेतला, डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. दोनदा वाचलं. हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला. "म्हणजे आणखी आठवडाभरात..."

"हिरवं पान आलं असतं," थूय म्हणाली.

ब्रॉनविनने कागदाची घडी घातली. "झेलकोला हे कळता कामा नये."

"पण छापायला तर हवं! एकच पान असलं तरी. लोकांना कळू दे!"

"छापलं की तो वाचेल. तारीख बघेल. त्याला सगळं नाही कळणार, पण एवढं कळेल." तिने घडी खिशात ठेवली. "आत्ता तो समजतो, त्याने नऊ रोपं मारली. मग समजेल, त्याने हे मारलं."

"अकरा वर्षं, ब्रॉन!"

"माहीत आहे गं. मीच मोजलीयत ती." ती थूयचा हात धरून म्हणाली, "तू जपानच्या प्रयोगशाळेत जातेयस ना? तिथे पहिल्यापासून कर. तुझी बियाणी, तुझं नाव. तीन वर्षं लागतील, लागू देत. माझं इथेच राहू दे."

थूय रडत वर गेली. ब्रॉनविनने झेलकोला फोन केला. "जरा खाली येतोस? म्हातारीचा पंखा कुरकुरतोय." माझा पंखा नेहमीपेक्षा बरा चालला होता. तो आला. आठ दिवसांत दहा वर्षांनी थकला होता.

"पंखा ठीक आहे," ती म्हणाली. "तुला सांगायला बोलावलं. त्या पानाचा निकाल आला. शून्य."

"म्हणजे?"

"म्हणजे माळ चाललीच नाही. सातवीही फसली. ती रोपं तशीही मरणारच होती रे. तू आठवडाभर आधी मारलीस, एवढंच."

तो तिच्याकडे बघत राहिला. "खरं सांगतेस?"

"मी कधी खोटं बोलते?"

त्या फावड्याएवढ्या हातांनी त्याने तोंड झाकलं आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिचा दुसरा हात खिशात होता, त्या कागदावर.

डिसेंबरात ती निवृत्त झाली. थूय गेली. मला भंगारात काढलं, तेव्हा झेलको गाडीला ट्रेलर जोडून आला आणि मला स्पिअरवुडला घेऊन आला. आता मी त्याच्या शेडमध्ये उभी असते. ऑगस्ट लागला की तो माझ्यात टोमॅटोचं बी टाकतो. लखलखीत उजेडात रोपं कशी तरारून येतात! शेजारी बघायला येतात. माझी पुन्हा स्तुती होते. पण स्तुती ऐकली की मला ती नऊ फिकट पोरं आठवतात.

रविवारी कधीकधी ब्रॉनविन येते. तो तिला टोमॅटो देतो, दोघं अंजिराखाली बसून कॉफी पितात. परवा शेजारणीला माझ्याबद्दल सांगताना तो म्हणाला, "एकदा मी हिच्यामुळे फार घाबरलो होतो. पण ब्रॉनने स्वतः सांगितलं, त्यात काही नुकसान झालं नाही. आणि ब्रॉन खोटं बोलत नाही." ब्रॉनविन कप हातात धरून म्हणाली, "यंदा टोमॅटो छान आलेत."

मित्रांनो, कुणाचं भलं करायला जाल तेव्हा आधी त्याला विचारा. आपल्याला जे मानवतं तेच त्याला मानवेल असं धरून चालू नका. आणि तुम्हाला कुणी 'हे असं का?' म्हटलं, तर हसण्यावारी नेऊ नका, दोन वाक्यं खर्चून सांगून टाका. एवढं मी तुम्हाला हात जोडून सांगितलं असतं, पण मला हात नाहीत.

आणि आणखी एक. माझ्या मनात हे फार दिवस साचलं होतं, म्हणून तुमच्याजवळ बोलले. तुम्ही कधी स्पिअरवुडला आलात, आणि एखाद्या म्हाताऱ्याने तुम्हाला मोठ्या हौसेने आपली टोमॅटोची पेटी दाखवली, तर पेटी छान आहे म्हणा. त्या एकतीसबद्दल त्याला काही सांगू नका.